विद्यादासोह आणि परमुलखातली शाळा



दासोह हा शब्द आपल्या घरांत इतका रुळला आहे की कोणी त्याचा अर्थ विचारला तर आपण क्षणभर गोंधळतो. मठात पंगत बसली की दासोह, यात्रेत प्रसाद वाटला की दासोह, गावच्या शाळेला चार बाके दिली की तोही दासोह. शब्द मोठा आहे, म्हणून त्यात सारे मावते. पण जे मावते ते सारेच त्याला शोभते असे नाही. अन्नदासोहाविषयी सहसा शंका येत नाही. भूक खरी असते, भाकरीही खरी असते, आणि जेवणारा तृप्त झाला की नाही हे पंगतीतच कळते. विद्येचे तसे नाही. शिकवणाऱ्याला वाटते, आपण दिले. शिकणाऱ्याच्या पदरात काय पडले हे कळायला वर्षे लागतात, आणि तोवर देणारा आपल्या गावी परतलेला असतो.

ग्वाल्हेरहून एका भगिनींचे पत्र आले आहे, त्यावरून हा विषय निघाला. त्यांचे बिऱ्हाड लष्करात, नई सडक भागात. घराणे मूळचे सोलापूरकडचे. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेस पडली आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर हे शहर झाले, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. छावणीबरोबर आणि छावणीमागून जी मराठी घरे तिकडे गेली ती तिकडचीच झाली. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि आता मुलांच्या वह्यांत इंग्रजी, असा तीन भाषांचा संसार ती सांभाळतात. या भगिनींची कन्या इंग्रजी विषय घेऊन एम. ए. झाली आहे. नेपाळच्या डोंगराळ भागात, जिथे शाळेला शिक्षक पुरत नाहीत, तिथे सहा आठवडे विनावेतन इंग्रजी शिकवायला जाण्याचे तिने मनात घेतले आहे. नेणारी संस्था त्यासाठी मुलीकडूनच बरीच रक्कम घेते. वडील म्हणतात, आपल्या गल्लीतल्या पोरांना सोडून परदेशच्या पोरांना शिकवणे ही हौस आहे. मुलगी म्हणते, हा दासोह आहे. आई मध्ये सापडली आहे, आणि तिने आपल्याला विचारले आहे की खरे काय.

प्रश्न एका घरचा दिसतो, पण तो आता अनेक घरांचा होणार आहे. आपली मुले शिकली, चार पैसे बाळगू लागली, आणि सेवेसाठी परदेशी जाण्याची वाट त्यांना खुली झाली. तेव्हा आपण सावकाश विचार करू.

पहिली गोष्ट दासोहाच्या दिशेची. दासोहात देणारा हा गृहस्थ असतो आणि घेणारा हा जंगम असतो. घेणारा उंबऱ्याबाहेर हात पसरून उभा नसतो; तो आत, आसनावर बसलेला असतो, आणि देणारा त्याचे पाय धूत असतो. ‘मी दास आहे’ हा भाव त्या शब्दाच्या पोटातच आहे. आता नेपाळच्या त्या खेड्याचे चित्र डोळ्यांपुढे आणा. मुलगी तिथे पोहोचेल तेव्हा घर कोणाचे असेल? त्या गावकऱ्याचे. चांगली खाट कोणाला मिळेल? तिला. घरात थोडेसे दूध असेल ते कोणाच्या चहात जाईल? तेही तिच्याच. म्हणजे पहिल्या दिवसापासून दासोह चालू होईल खरा, पण तो करणारे ते असतील आणि स्वीकारणारी ही असेल. ही गोष्ट लक्षात घेऊन जो जातो त्याची चाल वेगळी असते. ‘मी द्यायला आलो’ असे मनात धरून जो जातो त्याला हे दूध दिसतच नाही.

कोणी म्हणेल, जंगम तरी काय करतो? तोही फिरतो, ज्ञान देतो, एका जागी राहत नाही. मग ही मुलगी जंगमच नव्हे काय? युक्तिवाद सुंदर आहे, पण तो टिकत नाही. जंगम परतताना काही घेऊन परतत नाही. आजचा स्वयंसेवक प्रमाणपत्र घेऊन परततो, आणि पुढच्या प्रवेशाच्या किंवा नोकरीच्या अर्जात ते प्रमाणपत्र जोडतो. यात पाप नाही. तरुणाने आपल्या पुढच्या आयुष्याचा विचार करावाच. मात्र त्या कागदाला भस्म फासून त्याला दासोह म्हणू नये, एवढेच.

इथे आपल्याला सोन्नलिगेच्या सिद्धरामांची आठवण व्हावी. सोन्नलिगे म्हणजे आपले सोलापूर, या पत्रलेखिकेच्या पूर्वजांचे गाव. सिद्धरामांनी तिथे तळे खोदवले, देवालये उभारली, गोरगरिबांची लग्ने लावून दिली. हजारो हात त्या कामाला लागले होते. शून्यसंपादनेत प्रसंग आहे की अल्लमप्रभू तिथे आले आणि त्यांनी विचारले, तो वड्डर सिद्धराम कुठे आहे? आपल्या गुरूला कोणी माती खणणारा म्हणावे हे शिष्यांना सहन झाले नाही. त्यांनी प्रभूंवर दगड उचलले. सिद्धरामही संतापले. मग जो संवाद झाला त्यातून सिद्धरामांना कळले की तळ्याचे पाणी निर्मळ असले तरी ‘हे मी केले’ हा गाळ तळाशी साचलेला आहे. पुढे ते प्रभूंबरोबर कल्याणला गेले आणि चन्नबसवण्णांकडून त्यांनी दीक्षा घेतली.

या प्रसंगावर प्रवचने पुष्कळ होतात, आणि बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ एवढाच सांगितला जातो की अहंकार वाईट. ते बरोबरच आहे. परंतु वाचकहो, एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधावेसे वाटते. अल्लमप्रभूंनी ते तळे बुजवायला सांगितले नाही. सोलापूरकर आजही त्या तळ्याकाठी जातात. तहानलेली गाय तिथे पाणी प्यायला आली तेव्हा तिने विचारले नाही की खोदणाऱ्याच्या मनात अहंकार होता की नव्हता. तिला पाणी हवे होते आणि तळ्यात पाणी होते.

म्हणून प्रश्न एक नसून दोन आहेत, आणि आपण ते नेहमी एकमेकांत मिसळतो. करणाऱ्याचे मन शुद्ध आहे का, हा एक. तो प्रश्न करणाऱ्याच्या उद्धाराचा आहे; तो त्याने स्वतःला विचारावा, शेजाऱ्याने विचारू नये. तळ्यात पाणी राहते का, हा दुसरा. तो त्या मुलांचा प्रश्न आहे, आणि तो सर्वांनी विचारावा. वडील मुलीला पहिला प्रश्न विचारत आहेत. माझ्या मते त्यांनी दुसरा विचारायला हवा होता.

आपल्याच भूमीवर परदेशातून शिकवायला आलेल्यांचा इतिहास आहे. सिंथिया फॅरार या अमेरिकन बाई १८२७ च्या अखेरीस मुंबईत उतरल्या. अमेरिकन मिशनने परदेशी धाडलेल्या पहिल्या काही अविवाहित स्त्रियांपैकी त्या एक. मुंबईत त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. पुढे त्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला गेल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. मधल्या काळात प्रकृतीसाठी त्या काही दिवस मायदेशी जाऊन आल्या, तेवढेच. बाईंचा हेतू धर्मप्रसाराचा होता, तो त्यांनी लपवलाही नाही. पण त्या मराठी शिकल्या, मराठी मुलींत तीस वर्षांहून अधिक राहिल्या. जोतीराव फुले यांनी त्यांच्या नगरच्या शाळा पाहिल्या, सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे तिथे घेतले असे त्यांची चरित्रे सांगतात, आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. पाणी कुठून निघाले आणि कुठल्या शेतात गेले पाहा. बाईंच्या मनातला हेतू बाईंबरोबर गेला, विद्या इथे राहिली. ती का राहिली? बाई राहिल्या म्हणून, आणि त्यांनी शिकवणाऱ्या स्त्रिया घडवल्या म्हणून.

दुसरे उदाहरण पीस कोअरचे. १९६१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी ही संघटना स्थापन केली आणि त्याच वर्षी तिचे स्वयंसेवक भारतात आले. १९७६ पर्यंत ते इथे होते. कोणी इंग्रजी शिकवले, कोणी कोंबड्या पाळायला शिकवले, कोणी आरोग्याचे काम केले. त्या सरकारचा हेतू शीतयुद्धाच्या राजकारणातून आलेला होता हे उघड आहे. पण त्यांचा नियम ध्यानात घेण्यासारखा: आधी सुमारे तीन महिने प्रशिक्षण, त्यात तिथली भाषा, आणि मग दोन वर्षे मुक्काम. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी अशाच आल्या आणि मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या वसाहतीतल्या दवाखान्यात काम करून १९६८ मध्ये परतल्या. अडुसष्टाव्या वर्षी! आपल्याकडे त्या वयात सुनेच्या हातचा चहा गार झाला एवढाच विषय उरतो. असो.

एवढी मुदत पाळूनही त्या तरुणांपैकी अनेकांना निघताना वाटले की आपण दिले त्यापेक्षा घेतलेच जास्त. दोन वर्षांची ही कथा, तर सहा आठवड्यांत काय साधणार? कोणी म्हणेल, काहीतरी साधेलच. मुले चार गाणी शिकतील, रंगीत चित्रे काढतील, निघताना रडतील. पुढच्या सत्रात दुसरी ताई येईल, पुन्हा तीच गाणी, पुन्हा रडणे. शाळेतल्या कायम शिक्षकाला मात्र दर खेपेला आपला पाठ थांबवावा लागतो, कारण पाहुणी आली आहे.

भाषा शिकवणे हे काम दिसते तेवढे सोपे नाही. आपल्याला इंग्रजी बोलता येते म्हणजे शिकवता येते, असा समज आहे. ज्याला पोहता येते तो प्रत्येक जण दुसऱ्याला पोहायला शिकवू शकतो काय? मूल कुठे बुडते आहे ते दिसावे लागते, आणि ते दिसायला त्याची मातृभाषा कळावी लागते. आपल्या मराठीत ‘तो’ आणि ‘ती’ वेगळे आहेत, म्हणून मराठी मूल इंग्रजीतल्या ‘ही’ आणि ‘शी’मध्ये फारसे चुकत नाही. हिंदीत दोघांनाही ‘वह’. नेपाळीत दोघांनाही ‘ऊ’. त्या मुलांची गल्लत होणारच. लंडनहून आलेल्या शिक्षिकेला वाटेल, पोरगा अडाणी आहे. त्याला बाई आणि पुरुष यांतला फरक कळत नाही. नई सडकेवर वाढलेल्या, घरी मराठी आणि दारी हिंदी बोलणाऱ्या मुलीला मात्र चटकन उमगेल की गाठ कुठे आहे. तसेच ‘अ’ आणि ‘द’ ही इंग्रजी उपपदे. आपल्या तिन्ही भाषांत असे काही नाहीच, म्हणून आपण ती गाळतो किंवा नको तिथे घालतो. शिवाय नेपाळीची लिपी देवनागरी, आणि वाक्यात क्रियापद शेवटी. म्हणजे या कन्येजवळ एक भांडवल असे आहे, जे इंग्लंड-अमेरिकेच्या स्वयंसेवकाजवळ नाही. ते तिच्या एम. ए.च्या पदवीत नाही, तिच्या स्वयंपाकघरात आहे. आईने ही गोष्ट तिला जरूर सांगावी.

मग इंग्रजीच का, असाही प्रश्न आपल्यांतले काही जण विचारतील. शरणांनी संस्कृताचा दरवाजा बाजूला ठेवून लोकांच्या कन्नडात वचने सांगितली. मन्मथस्वामींनी मराठीत परमरहस्य लिहिले. जनभाषेचा एवढा वारसा सांगणाऱ्यांनी गरिबाच्या पोराला परकी भाषा शिकवायला निघावे काय? यावर माझे मत थोडे कडू आहे. शरणांनी जनभाषा धरली ती ज्ञान मूठभरांच्या कुलपात राहू नये म्हणून. आज ते कुलूप इंग्रजीचे आहे. ज्यांची स्वतःची मुले इंग्रजी माध्यमात आहेत त्यांनी गरिबाला मातृभाषेची थोरवी ऐकवणे मला शोभत नाही असे वाटते. महाराष्ट्र शासनाने २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणले ते याच मागणीपुढे. नेपाळातही सरकारी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आहे आणि दहावीच्या परीक्षेत ते सक्तीचे आहे. खेड्यातले मूल बहुधा तिथेच अडते. खुद्द ग्वाल्हेरात पाहा. १८९७ मध्ये सरदारांच्या मुलांसाठी निघालेली आणि पुढे किल्ल्यावर गेलेली सिंदिया शाळा, तिला एफ. जी. पीअर्स यांच्यासारखे नामांकित इंग्रज शिक्षक प्राचार्य म्हणून लाभले. किल्ल्यावर चढायला दुरून आलेल्या विद्वानांना नेहमीच वाट सापडते, खालच्या गल्ल्यांत उतरायला सापडत नाही. तेव्हा कोणी आपण होऊन साध्या शाळेत जात असेल तर त्याला भाषेचे कारण पुढे करून अडवू नये. फक्त जे मूल स्वतःच्या भाषेत वाचू शकत नाही त्याला परकी भाषा लिहायला लावणे हा वाळूवर लिंपण्याचा प्रकार आहे, हे जाणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

आता पैशाविषयी. सेवा करायला जाणाऱ्यानेच संस्थेला मोठी रक्कम द्यायची, हा व्यवहार आपल्याला चमत्कारिक वाटतो. राहणे-जेवणे यांचा खर्च असतो, तो त्या गावावर पडू नये हे योग्यच. पण त्यापलीकडची रक्कम कुठे जाते हे विचारल्याशिवाय एक पैसाही देऊ नये. कारण जिथे देणारे रांगेत उभे राहतात तिथे घेणारे निर्माण केले जातात. कंबोडियात आणि नेपाळातही हे घडले. परदेशी स्वयंसेवकांचा ओघ अनाथाश्रमांकडे सुरू झाला आणि अनाथाश्रमांची संख्या वाढली. चौकशीत निघाले की तिथल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात होते. खेड्यातून पोरे आणून, शिक्षणाचे आमिष दाखवून, पाहुण्यांपुढे अनाथ म्हणून उभी केली होती. पाहुण्यांचे मन शुद्ध होते, यात मला संशय नाही. वर मी दोन प्रश्न वेगळे करा म्हणालो ते यासाठीच.

आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा यांची कथा आपल्या घरात लहान मुलांनाही ठाऊक असते. सांडलेले तांदूळ वेचून आणणे हा मारय्यांचा कायक. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ आणले, तर लक्कम्मांनी त्यांना ते जिथले तिथे ठेवून यायला लावले. ते तांदूळ दासोहासाठीच लागणार होते, स्वतःसाठी नव्हे; तरीही जास्तीचे नकोत. या कथेचा लोभावर रोख आहे असे आपण म्हणतो, पण लोभ केवळ तांदळाचा नसतो. पुण्याचाही असतो. आपल्या वाट्याच्या कायकापेक्षा मोठे, दूरचे, लोकांना सांगता येईल असे पुण्य वेचून आणावे असे वाटणे, यालाही लक्कम्मांनी परत पाठवले असते.

कायकाचा विषय निघाला म्हणून आणखी एक. सम्राट हैले सेलासी यांच्या काळात इथियोपियाच्या शाळांत भारतातून, विशेषतः केरळातून, कितीतरी शिक्षक गेले. भूतानात १९६० च्या दशकात शाळांचे माध्यम हिंदीऐवजी इंग्रजी झाले तेव्हाही आपले शिक्षक तिथल्या डोंगरांत होते. हे लोक पगारी होते. पोट भरायला गेले होते, घरी पैसे पाठवत होते, आणि लहानशा गावांत वर्षानुवर्षे राहून पिढ्यांना शिकवत होते. त्यांना कोणी स्वयंसेवक म्हटले नाही. आपल्या विचारसरणीत मात्र या पगारी मास्तरांचे स्थान सहा आठवड्यांच्या विनावेतन पाहुण्यापेक्षा खाली नाही. मला तर वर वाटते. मेहनतीचे घेणे याला शरणांनी कधी हलके मानले नाही. उलट फुकट मिळणाऱ्या माणसामुळे एखाद्या शाळेने स्थानिक शिक्षकाची जागा रिकामीच ठेवली, तर त्या फुकटाची किंमत त्या शिक्षकाच्या घरातली चूल देते.

आणि वडिलांचा आक्षेप? आधी आपली गल्ली, मग परदेश. अर्धा खरा आहे. नई सडकेच्या आसपासही अशी मुले असतील ज्यांना संध्याकाळी कोणी तासभर वाचायला बसवले तर त्यांचे वर्ष वाचेल. पण अनुभव असा आहे की ‘आधी घरचे’ म्हणणारे पुष्कळ जण घरचेही करत नाहीत. ते वाक्य निघणाऱ्याला थांबवण्यापुरतेच वापरले जाते. वडिलांनी गल्लीतल्या पाच मुलांना जमवून दिले तर त्यांच्या बोलण्याला वजन येईल. आणि अंतर हा दोष असता तर कल्याणचे अनुभवमंटप भरलेच नसते. काश्मीरहून मोळिगे मारय्या आले, तिथे सरपण विकू लागले. मरुळशंकरदेव त्याहूनही दुरून, अफगाण मुलखातून आले अशी परंपरा आहे; महामनेच्या दारी पडेल ते हलके काम करत, उष्टे-खरकटे काढत ते अनेक वर्षे अज्ञात राहिले, प्रभूंनी ओळखेपर्यंत. हे सारे दुरून आले, पण शिकवायला आले नव्हते.

तेव्हा भगिनींना उत्तर असे. मुलीला अडवू नका; सहा आठवड्यांना अडवा. जायचे तर पूर्ण शालेय वर्षासाठी जावे. नेपाळात ते वैशाखात सुरू होते, तयारीला वेळ आहे. भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही, म्हणून मध्यस्थाविना थेट एखाद्या शाळेशी पत्रव्यवहार करता येतो का ते आधी पाहावे. मुख्याध्यापकांना तीन गोष्टी विचाराव्यात: इंग्रजीचा तुमचा शिक्षक कोण, मी त्याच्या हाताखाली बसू शकेन का, आणि मी गेल्यावर तो वर्ग कोण घेईल. तिसऱ्याचे उत्तर ‘दुसरा स्वयंसेवक’ असे आले तर ती शाळा सोडावी. पहिले दोन महिने तिने वर्गात मागच्या बाकावर बसावे, नेपाळी शिकावी, वह्या तपासाव्यात. वह्या तपासणे हे नवख्याला देण्याजोगे उत्तम काम आहे. त्यात फोटो काढण्यासारखे काही नसते आणि शिक्षकाचे ओझे खरोखर हलके होते. तिथे जाण्यापूर्वीचे महिने लष्करातच एखाद्या शाळेत हेच काम करून पाहावे. हिंदी मुलांच्या चुका तिला तिथे जेवढे शिकवतील तेवढे कोणतेही प्रशिक्षण शिकवणार नाही, आणि वडिलांनाही आपले म्हणणे मान्य झाल्याचे समाधान मिळेल.

पत्राच्या शेवटी त्यांनी विचारले आहे की तिकडे पूजेचे कसे होईल, जवळपास मठ नाही, आपले कोणी नाही. इष्टलिंग गळ्यातच असते, ताई. तांब्याभर पाणी आणि बसण्यापुरती जागा त्या घरी मिळेल. विभूती मात्र इथून न्यावी, डोंगरात पावसाळा फार असतो, डबी घट्ट झाकणाची असू द्या.